डब्यावर ३०००, मोबाईलवर ९४: वायफायचा स्पीड कुठे अडतोय ते घरच्या घरी कसं शोधायचं

भांडुपला ताईकडे मध्यंतरी इंटरनेटचा प्लॅन १०० वरून ३०० एमबीपीएसचा केला, भावोजींनी लगेच स्पीड टेस्ट लावली तर ९४. दुसऱ्या दिवशी ९४, रात्री बाराला ९४, पहाटे पाचला (रिटायर झाल्यापासून उठतातच) तरी ९४. मग त्यांनी ठरवलं की राउटरच म्हातारा झालाय, लॅमिंग्टन रोडला गेले आणि डब्यावर मोठ्ठं ३००० लिहिलेला वायफाय ६ चा राउटर घेऊन आले, दोन तास खटपट करून लावला, आणि स्पीड आला ९४. तेव्हा मला फोन. "तू ये रविवारी, जेवायलाच ये."

मी जे केलं तेच इथे लिहितोय कारण हा प्रकार मुंबईत घरोघरी आहे, राउटर नवा, प्लॅन मोठा आणि स्पीड तिथल्या तिथे. वायफाय ४, ५, ६, ७ यातला फरक माहीत असला पाहिजे हे खरंय, पण इंटरनेट घरात येतं ते एका साखळीतून, आधी फायबरचा डबा, मग वायर, मग राउटर, मग हवा, भिंत, आणि शेवटी तुमचा फोन, आणि यातलं जे सगळ्यात बारीक असेल तेवढाच स्पीड मिळतो, बाकी सगळं कितीही भारी असो. त्यामुळे खरेदी शेवटी. आधी बारीक जागा कुठली ते बघायचं.

एक गोष्ट पहिल्यांदाच उरकून घेऊ. प्लॅनमध्ये आणि राउटरच्या डब्यावर आकडा असतो तो मेगाबिटचा (एमबीपीएस म्हणजे सेकंदाला इतके मेगाबिट), आणि फाईल डाउनलोड होताना कॉम्प्युटर बहुतेकदा दाखवतो मेगाबाइट, एका बाइटमध्ये आठ बिट. म्हणून १०० च्या लाइनवर डाउनलोडला १२ च्या आसपास दिसलं तर कुणी फसवलेलं नाहीये, १०० भागिले ८. पाच जीबीची फाईल १०० च्या लाइनवर साधारण पावणेसात मिनिटं घेणारच.

आता ही नावं. २०१८ पर्यंत डब्यावर ८०२.११ एन, ८०२.११ एसी असलं काहीतरी लिहिलेलं असायचं, ते दुकानदारालाही धड सांगता यायचं नाही. मग वायफाय अलायन्सने (वायफायचं सर्टिफिकेट देणारी संस्था) सरळ नंबर दिले, एन म्हणजे वायफाय ४, एसी म्हणजे ५, एएक्स म्हणजे ६, आणि त्यानंतरचं बीई म्हणजे ७. त्याच्या आधीची मंडळी म्हणजे १९९९ चं बी, ११ एमबीपीएस, त्याच साली आलेलं ए आणि २००३ चं जी, दोन्ही ५४. ती आता भंगारात, पण एखादा जुना प्रिंटर अजून जी बोलणारा सापडतो, त्याचा त्रास पुढे सांगतो.

वायफाय ज्या लहरींवर चालतं त्यांचे मुख्य पट्टे दोन, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ, त्यांना बँड म्हणतात, आणि पट्ट्यातली एक वाट म्हणजे चॅनल. वायफाय ४ आलं २००९ ला. कागदावर ६०० पर्यंत जातं पण ते चार अँटेना वगैरे धरून, घरातल्या साध्या दोन अँटेनाच्या उपकरणाला २.४ गिगाहर्ट्झवर २० मेगाहर्ट्झच्या चॅनलमध्ये १४४ आणि एकच अँटेना असेल तर ७२. हा ७२ लक्षात ठेवा, फोनवर लिंक स्पीड ७२ दिसला की तो बहुतेक २.४ वर बसलाय असा माझा पहिला अंदाज असतो. वायफाय ५, २०१३ चं, फक्त ५ गिगाहर्ट्झवर चालतं, चॅनल ८० मेगाहर्ट्झ रुंद, एका अँटेनाला ४३३ आणि दोनला ८६७. वायफाय ६ ची सर्टिफिकेट २०१९ पासून मिळायला लागली, ते २.४ आणि ५ दोन्हीवर चालतं, ८० च्या चॅनलवर दोन अँटेनाला १२०१, चॅनल १६० केला तर २४०२. वायफाय ७ चं सर्टिफिकेशन जानेवारी २०२४ ला सुरू झालं, जाहिरातीत ४६ गिगाबिट म्हणतात (एक गिगाबिट म्हणजे हजार मेगाबिट), तुमच्या दोन अँटेनाच्या फोनला सगळी कृपा झाली आणि ३२० मेगाहर्ट्झचा चॅनल मिळाला तरी ५.८ गिगाबिटच्या आतच.

हे सगळे आकडे लिंक स्पीडचे बरं का, म्हणजे फोन आणि राउटर एकमेकांशी किती वेगाने बोलायला तयार आहेत ते. प्रत्यक्षात हातात त्याच्या निम्मे ते दोन तृतीयांश येतात कारण वायफायवर एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, आणि मधे मधे "पोचलं का, पोचलं" हेही चालू असतं. आणि वरचा आकडा फक्त राउटर त्याच खोलीत असताना. नव्या स्टँडर्डमध्ये एकाच लहरीत जास्त बिट कोंबतात, ४ मध्ये सहा, ५ मध्ये आठ, ६ मध्ये दहा, ७ मध्ये बारा. बिट जास्त म्हणजे अक्षर बारीक, जवळून वाचता येतं, भिंतीपलीकडून नाही, मग दोघं आपोआप मोठ्या अक्षरावर येतात आणि स्पीड पडतो. म्हणून दोन खोल्यांपलीकडे वायफाय ५ आणि ६ मध्ये आकड्यांवरून वाटतो तेवढा फरक राहत नाही.

आणि डब्यावरचा ३०००? ती बेरीज आहे. २.४ चे ५७४ आणि ५ चे २४०२, मिळून २९७६, गोल करून ३०००. जुन्या १२०० वाल्यात ३०० अधिक ८६७. तुमचा फोन एका वेळी एकाच बँडवर असतो (वायफाय ७ मध्ये दोन्ही एकत्र वापरायची सोय आली आहे, पण दोन्हीकडे वायफाय ७ हवं), तेव्हा ही बेरीज म्हणजे दादर ते ठाणे आणि दादर ते अंधेरी अंतर जोडून एकच तिकीट दाखवण्यासारखं आहे. भावोजींना हे सांगितलं तेव्हा त्यांनी डब्याकडे ज्या नजरेने बघितलं ना.

बरं, आता ताईच्या घरी काय केलं ते.

पहिली तपासणी वायफायशिवाय करायची. लॅपटॉपला लॅन पोर्ट (नेटची वायर लावायची खाच) असेल तर वायर थेट लावा, नसेल तर यूएसबीला लावायचा छोटा अॅडॉप्टर मिळतो, गिगाबिटचा घ्या आणि यूएसबी ३ चा, नाहीतर तोच बारीक निघायचा. राउटरच्या लॅन पोर्टला लॅपटॉप लावला, टेस्ट केली, ९४. म्हणजे वायफाय सुटलं, त्याच्यावर उगाच आळ. आता ९४ का? कारण जुन्या पद्धतीचा लॅन पोर्ट १०० चा असतो आणि १०० मधून पाकिटांचा (डेटा ज्या तुकड्यांत बांधून जातो ते) वगैरे खर्च वजा जाता टेस्टला ९४-९५ येतात. ८० नाही, ११० नाही, रोज बरोब्बर ९४ आला की कुठेतरी १०० चा सांधा आहे हे नक्की. लाइन स्लो असती तर आकडा वरखाली झाला असता.

राउटर नवा, त्याचे पोर्ट गिगाबिट, ते डब्यावर बघून घेतलं. (स्वस्तातल्या १२०० वाल्या राउटरमध्ये पुष्कळदा पोर्टच १०० चे असतात, हवेत ८६७ आणि मागच्या बाजूला १००, हा विनोद मी कित्येक घरांत बघितलाय, घेताना हे विचाराच.) फायबरच्या डब्यावरचा पोर्टही गिगाबिट. मग राहिली मधली वायर. फायबरच्या डब्यापासून राउटरपर्यंत हॉलच्या कडेने पट्टीत घालून नेलेली, लाइन घालायला आलेल्या माणसाने बसवून दिलेली. मी माझ्या बॅगेतली दोन मीटरची वायर लावली, लॅपटॉप थेट फायबरच्या डब्याला, आणि ३०६.

जुन्या वायरचं टोक उजेडात धरून बघितलं तर प्लास्टिकच्या कनेक्टरमध्ये आठ तारांऐवजी चारच तारा. १०० ला चार पुरतात, दोन जोड्या. गिगाबिटला आठही लागतात. चार तारा असतील तर दोन्ही बाजूची यंत्रं मुकाट्याने १०० वर येतात, लाल दिवा नाही, मेसेज नाही, काही नाही. आठ असून एखादी दाराच्या फटीत चेपून तुटली असेल तरी हेच. वायरवर कॅट ५ई किंवा ६ छापलेलं बघून घ्या, ५ई सुद्धा १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेते, घरासाठी भरपूर. ताईची वायर बदलायला दीडशे-दोनशे रुपयांच्या आत काम झालं आणि नवीन राउटर नसता घेतला तरी चाललं असतं हे मी बोललो नाही, ताईच बोलली.

वायर नीट झाली की मग वायफाय. इथे प्रत्येक उपकरणाला विचारायचं, बाबा तू कुठल्या बँडवर आहेस आणि लिंक किती. विंडोजवर सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वायफाय, प्रॉपर्टीज, तिथे खाली प्रोटोकॉल, बँड, चॅनल, लिंक स्पीड सगळं येतं. मॅकवर ऑप्शन बटण दाबून धरायचं आणि वरच्या वायफायच्या चिन्हावर क्लिक. अँड्रॉइडवर वायफायच्या नावाशेजारच्या गिअरवर गेलं की बऱ्याच फोनमध्ये लिंक स्पीड आणि फ्रिक्वेन्सी दिसते. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये हे काही दिसत नाही, तेव्हा राउटरच्या अॅपमध्ये जाऊन जोडलेल्या उपकरणांची यादी बघायची.

सिग्नल डीबीएममध्ये (सिग्नलची ताकद मोजायचं माप) दिसला तर तो उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ५० म्हणजे झकास, उणे ६५-६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट, उणे ७० च्या पुढे कुरकुर, उणे ८० ला फक्त रेघा दिसतात काम होत नाही. आणि दर ३ डीबी कमी म्हणजे ताकद निम्मी, म्हणजे ६० आणि ७० मध्ये थोडासा नाही, दहा पटीचा फरक आहे.

ताईच्या बेडरूममध्ये फोनला ३८ मिळत होते. बघितलं तर फोन २.४ वर, लिंक ७२, नेहमीचाच. राउटरने दोन्ही बँडला एकच नाव दिलेलं होतं आणि फोनने जिथे रेघा जास्त दिसल्या तिथे मुक्काम केला. २.४ लांब जातं, भिंतीतून जास्त पोचतं, म्हणून रेघा नेहमी तिथेच जास्त, रेघांवर जाऊ नका. मी ५ ला वेगळं नाव दिलं आणि फोन, टीव्ही, लॅपटॉप सगळे तिकडे हलवले. २.४ वर ठेवले फक्त स्मार्ट बल्ब, दाराचा कॅमेरा, प्रिंटर, त्यातल्या बहुतेकांना ५ दिसतच नाही. बेडरूममध्ये १९० आले.

२.४ चं दुखणं स्टँडर्डचं कमी आणि गर्दीचं जास्त. त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. मी राहतो लालबागला चाळीत, गॅलरीत उभं राहून स्कॅन केलं तर पंचवीस-तीस नेटवर्क दिसतात, ती सगळी या तीन चॅनलवर, शिवाय ब्लूटूथ तिथेच, मायक्रोवेव्ह ओव्हन तिथेच, गणपतीत मंडळाच्या वायरलेस माइकवाल्यांमध्येही कुणीतरी तिथेच. चाळीतला सार्वजनिक नळ ज्यांनी बघितलाय त्यांना हे समजवायला लागत नाही. नळ एक, पाणी भरायचं एकेकाने, तुमची कळशी कितीही मोठ्या तोंडाची असो, पुढचा माणूस बारीक तोंडाचा फिरकीचा तांब्या घेऊन बसला की सगळी रांग थांबली. तो बारीक तोंडाचा म्हणजे जी वाला प्रिंटर किंवा दूरच्या खोलीतला रेंज नसलेला फोन, तो स्वतः हळू आहे एवढंच नाही, हवा अडवून ठेवतो आणि तुमच्या भारी लॅपटॉपलाही थांबायला लावतो. वायफाय ६ ने इथे खरी मदत केली आहे, चॅनलचे तुकडे करून एकाच वेळी अनेकांना थोडं थोडं देता येतं, नळाला जास्त तोट्या बसवल्यासारखं. त्याला ओएफडीएमए म्हणतात. मला विचाराल तर वायफाय ६ घ्यायचं कारण हे, २४०२ चा आकडा नाही. अर्थात राउटर ६ चा आणि घरातले फोन ५ चे असतील तर त्या तोट्या कोरड्याच.

तेव्हा २.४ ला चॅनल रुंदी २० ठेवा, ४० अजिबात नको, ४० ने तीनातले दोन चॅनल एकट्याने खाल्ले जातात आणि शेजाऱ्यांशी टक्कर वाढते, तुमचाच स्पीड पडतो. स्कॅनर अॅपने बघून १, ६, ११ पैकी जिथे जोरदार सिग्नलवाले शेजारी कमी तो चॅनल हाताने लावा. ३ किंवा ८ रिकामा दिसतो म्हणून तिथे जाऊ नका, दोन्हीकडचा गोंगाट ऐकू येतो. ५ ला ८० ठेवा. १६० मोह वाटतो पण त्यासाठी लागणाऱ्या रुंद पट्ट्यात रडारसाठी राखलेले चॅनल येतात, तिथे राउटरला आधी मिनिटभर गप्प बसून रडार आहे का ऐकावं लागतं, आणि चालू असताना चाहूल लागली तर चॅनल सोडून पळावं लागतं, नेमकं मीटिंगमध्ये. आपल्याकडे २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झचा बराच मोठा पट्टा परवान्याशिवाय वापरायला खुला झाला, त्यामुळे ८० चे चॅनल निवडायला जागा आहे. ३६ ते ४८ आणि १४९ च्या पुढचे रडारच्या कटकटीबाहेर.

सेटिंगमध्ये आहात तसं सुरक्षेचंही बघा. डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी असं काही जुनं निवडलेलं असेल तर वायफाय ४ आणि ५ ची उपकरणंसुद्धा ५४ वर येऊन बसतात, नियमच तसा आहे. माझ्या एका मित्राने पासवर्ड सगळ्या जुन्या फोनला चालावा म्हणून हे करून ठेवलं होतं आणि दोन वर्षं कंपनीशी भांडत होता. डब्ल्यूपीए२ एईएस किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा.

राउटर ठेवायचा कुठे यावर घरात भांडणं होतात तर होऊ द्या. केबल जिथून आत आली तिथेच दाराच्या वर, टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर, शोकेसच्या आत, या चारही जागा वाईट. धातू, आरसा, पाण्याची टाकी, फिशटँक, हे सगळं सिग्नल अडवतं. आमच्या आईने धूळ नको म्हणून वर विणलेला रुमाल टाकला होता, त्याने सिग्नल नाही अडत पण राउटर तापतो. आणि मुंबईत घर कुठल्या काळातलं त्यावर सगळं आहे, आमच्या चाळीत लाकडी पार्टिशन, त्यातून ५ आरामात जातं, उलट शेजारच्यांचंही आत येतं. नव्या टॉवरमध्ये मायवान शटरिंग, आतल्या भिंतीसुद्धा काँक्रीटच्या ओतलेल्या आणि आत सळ्या, तिथे दोन भिंतींमागे ५ गिगाहर्ट्झ संपतो. अशा घरात सहा अँटेनावाला राउटर "रेंज जास्त" म्हणून घेऊ नका, ताकदीला नियमाने मर्यादा आहे, आणि तुमचा फोन उलट ओरडून उत्तर देऊ शकत नाही. तिथे दुसरं केंद्र हवं. साधा रिपीटर (सिग्नल ऐकून पुढे ढकलणारा डबा) त्याच रेडिओने ऐकतो आणि बोलतो म्हणून स्पीड अर्ध्यावर, जमलं तर वायर टाकून दुसरा पॉइंट करा. रंगकाम चालू असेल तर तेव्हाच पट्टीतून वायर टाकून घ्या, नंतर कोणी भिंतीला हात लावू देत नाही.

खरेदीचं आता थोडक्यात, कारण लॅमिंग्टन रोडला जाणारच तुम्ही. प्लॅन १०० चा असेल तर गिगाबिट पोर्टचा वायफाय ५ सुद्धा पुरतो, ४के व्हिडिओला १५ ते २५ लागतात आणि व्हिडिओ कॉलला त्याहून कितीतरी कमी. २००-३०० चा प्लॅन आणि घरात दहा-पंधरा उपकरणं असतील तर वायफाय ६. वायफाय ७ साठी घाई नको, त्याची खरी मजा ६ गिगाहर्ट्झमध्ये आहे, आणि त्या पट्ट्याचा खालचा भाग, ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ, खुला करायच्या नियमांचा मसुदा आपल्याकडे मे २०२५ ला निघाला आणि अंतिम नियम जानेवारी २०२६ ला आले. एवढ्या जागेत ३२० चा चॅनल एकच बसतो. त्यात ड्युअल बँड वायफाय ७ म्हणून जे मिळतात त्यांच्यात ६ गिगाहर्ट्झ नसतंच, म्हणजे ३२० विसरा. दुकानदाराला तीनच गोष्टी विचारा, वॅन (बाहेरून येणारी वायर लागते तो) आणि लॅन दोन्ही पोर्ट गिगाबिट का, ५ वर अँटेना किती, आणि परत करायची मुदत किती.

ताईकडे संध्याकाळी परत सगळं मोजलं. हॉलमध्ये भावोजींच्या फोनला २८५. भाच्याचा जुना लॅपटॉप फक्त वायफाय ४ आणि तोही २.४ चा, त्याला राउटर कितीही बदला ५० च्या पुढे जायचा नाही, त्याला यूएसबीचा वायफाय अॅडॉप्टर सांगितलाय. ताईच्या फोनला एकच अँटेना, लिंक ४३३, त्यामुळे हॉलमध्येही २३० ला थांबतो, तो ठीक आहे. स्वयंपाकघर मात्र दोन काँक्रीटच्या भिंतींपलीकडे आणि मधे फ्रिज, तिथे उणे ८१. वायर टाकायची तर पट्टी हॉलमधून दिसणार, ते ताईला नकोय, म्हणून पोळ्या करताना ती मोबाईल डेटा चालू करते आणि भावोजी बाहेरून ओरडतात, "अगं वायफाय आहे ना घरात!"